पुठ्ठ्याची सी आर टी

भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आम्हा भावंडांना मेल-एक्सप्रेसचं फारसं अप्रूप नव्हतं. जीव होता तो मालगाडीवर. ती यार्डात तासन् तास उभी असायची, हवी तेवढी बघून घ्यावी. सत्तरच्या दशकातल्या मालगाडीत वाघिणींची सरमिसळ असे: चारचाकी बंद सी आर टी, उघड्या वाघिणी, पेट्रोलच्या टाक्या, मधूनच लांबलचक बॉक्स आणि शेवटी गार्डचा डबा. अंगावर खडूनं खरडलेली गावांची नावं. निम्मा भूगोल आम्ही तिथेच शिकलो.

आमचे वडील, अण्णा, कॅरेज अँड वॅगन खात्यात होते. चाकावर हातोडी मारून आवाजावरून दोष ओळखणारी माणसं त्यांच्या हाताखाली होती. जुन्या वाघिणीच्या ॲक्सलपेटीतलं तेल आटलं तर ॲक्सल कसा तापतो, धूर कसा निघतो, हे ते जेवताना सांगायचे आणि आई वरणाचं पातेलं पुढे सरकवत म्हणायची, “आधी जेवा.”

मग इंग्लंडच्या काकांनी एअरफिक्स कंपनीचं मॉडेलचं किट पाठवलं. सोळा टनी कोळशाच्या वाघिणीचं, करड्या प्लॅस्टिकचं. दाराच्या बिजागऱ्या, ब्रेकचा दांडा, रिव्हेटचे ठिपकेसुद्धा उठावदार. ते पाहून ताईनं तिथल्या तिथे ठरवलं, आपली सी आर टी झालीच पाहिजे. तिचं किट कुठे मिळणार? आपणच करायची.

प्रमाण ताईनंच ठरवलं. मीटरला सेंटिमीटर, म्हणजे शंभरास एक. शाळेच्या पट्टीनं मोजता यावं म्हणून. बनियनच्या खोक्याचा पुठ्ठा, खळ, रंगाला गेरू. छपराचा बाक काढायला पुठ्ठा ओला करून लाटण्याला गुंडाळायचा, दोऱ्यानं बांधायचा आणि रात्रभर ठेवायचा. दार दोन पाखांचं. बिजागरीला मलमलीची पट्टी, त्यामुळे ते खरोखर उघडायचं. व्हॅक्यूम ब्रेकचा होज म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हची नळी.

आता त्यातली गंमत. आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर, शंभरास एक केलं की पावणेसतरा. एअरफिक्सची वाघीण ज्या रुळावर चालते तो साडेसोळाचा. तिचं प्रमाण शहात्तरास एक. त्या हिशेबानं इंग्लंडच्या रुळाला जवळजवळ एकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे त्यांच्या वाघिणीला त्यांचाच रूळ अरुंद, आणि आमच्या पुठ्ठ्याच्या वाघिणीला बरोब्बर! अण्णांनी हा हिशेब स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि शेजारच्या ड्रायव्हरकाकांना बोलावून दाखवला. आमच्या घरात एवढा अभिमान कुणाच्या मार्कांचाही झाला नाही.

धाकट्याची वाघीण केळीची. सावदा, रावेरहून केळी दिल्लीला निघायची, म्हणून त्यानं आत सुकलेला केळीचा पाला अंथरला होता. घरभर मुंग्या झाल्या, पण अण्णांनी ती वाघीण टाकू दिली नाही.

ऐंशीच्या दशकात बॉक्स-एन आली. एअर ब्रेकची, लांबीनं जुन्या बॉक्सपेक्षा चांगली तीन मीटर आखूड, पण जास्त माल नेणारी. पूर्ण गाडीच एका जिनसाची, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. रेल्वेच्या दृष्टीनं योग्यच होतं ते. सुट्या वाघिणी यार्डायार्डांत दिवसेंदिवस अडकून पडायच्या. पण हळूहळू चारचाकी वाघिणी भंगारात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर खडूची गावंही.

पुण्यात १९९८ साली जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं, तेव्हा आम्ही तिघंही मुलाबाळांसकट गेलो. मुलं इंजिनांपाशी, आम्ही मालडब्यांपाशी. ताई आता प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून वाघिणी कापते आणि प्रत्येकीचं माप फोनवर वाचून दाखवते. सध्या तिच्या टेबलावर बॉक्स-एन आहे, दहा सेंटिमीटर सात मिलिमीटर. धाकट्याचं म्हणणं, आधी गार्डचा डबा कर, त्याशिवाय मालगाडी सुटणार कशी?