उंचावरची नावं

पहाडगंजातल्या मराठी बिऱ्हाडात वाढलेल्या त्या मुलीच्या लेखी इंडिया गेट म्हणजे थंडीतल्या रविवारचं ऊन. सतरंजी, पुरी-भाजी, भुईमुगाच्या शेंगा. कमानीवर सैनिकांची नावं आहेत हे वडील दर खेपेला सांगत. पण ४२ मीटर उंच दगडावर नजर पोचणार किती? पलीकडच्या छत्रीत तेव्हा पाचवा जॉर्ज उभा होता. १९६८ मध्ये त्याला हलवलं आणि छत्री रिकामी झाली.

ती कॉलेजात असताना, २६ जानेवारी १९७२ रोजी, १९७१ च्या युद्धातल्या शहिदांसाठी कमानीखाली अमर जवान ज्योती आली. काळ्या चौथऱ्यावर उलटी रायफल, तिच्यावर शिरस्त्राण. तेव्हापासून एक घोळ कायमचा होऊन बसला: वर कोरलेले जवानही एकाहत्तरचेच, असं येणारे-जाणारे धरून चालले.

लग्नानंतर पाहुण्यांना दिल्ली दाखवता दाखवता तिने वाचायला घेतलं. वास्तुकार लट्यन्सची ही कमान १९३१ मध्ये पुरी झाली, पहिल्या महायुद्धातल्या आणि त्यालगतच्या लढायांतल्या ७० हजार हिंदी मृतांच्या स्मरणार्थ. नावं मात्र तेरा हजारांवर थोडी, तीही मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. मेसोपोटेमियात गेलेला मराठा पलटणीचा शिपाई इथे शोधायचा नाही. तो इराकात, बसऱ्याच्या स्मारकावर; आणि तिथेही हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावं कोरली, साध्या शिपायांचे नुसते आकडे. साम्राज्यासाठी मरावं आणि साम्राज्याने नावही लिहू नये!

२०१९ मध्ये शेजारीच राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं राहिलं. गोल गोल भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक शहिदांची नावं, हात लावता येईल अशी. परमवीरांच्या अर्धपुतळ्यांत बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे दिसले तेव्हा ती जरा रेंगाळली. जानेवारी २०२२ मध्ये जुनी ज्योत इथल्या ज्योतीत मिसळली, त्याच वर्षी छत्रीत नेताजी आले. नेताजींविषयी नितांत आदर असूनही तिला ती छत्री रिकामीच बरी वाटायची. एक राजवट गेल्याची तेवढी ढळढळीत खूण दिल्लीत दुसरी नव्हती.

नव्या स्मारकात संध्याकाळी एखाद्या शहिदाच्या घरची माणसं पुष्पचक्र वाहतात. कमानीवरच्या तेरा हजारांच्या पणतवंडांना असं कोण बोलावणार? निदान त्यांची यादी खाली, पोरासोरांनाही वाचता येईल अशी लावा, असं ती हल्ली भेटेल त्याला सांगत असते.