उतारा

"बाई, रिपोर्टात विषाणूच न्हाई म्हणालासा. मग गोळी कशाला ओ?"

माझ्या तपासणीच्या खोलीत समोर बसलेली ही बाई निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, सहा महिन्यांची गरोदर. एचआयव्हीच्या गोळ्या नेमाने घेत होती. तपासणीत रक्तात विषाणू सापडत नव्हता. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या विषयातलं सगळ्यात अवघड कोडंच तिने एका वाक्यात विचारलं होतं.

तिच्या घरी जमिनीचा वाद चालू होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी उलट विचारलं, "समजा, तुमच्या शेतात घुसलेल्या माणसाला हाकलला. पण जमिनीच्या उताऱ्यावर त्याचं नाव लागलेलंच आहे. मग?"

"मग परत येतंय की त्यो."

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात उतारा म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. तो कानडीत येतो. आपल्याच शेतावर कुणाचं नाव लागलंय, हे मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्याला वाचता येत नाही. वाचून दाखवणारा शोधावा लागतो. विषाणू शिरलेल्या पेशीचंही तसंच होतं. तिच्या दफ्तरात नवी नोंद पडते आणि ती नोंद परकी आहे, हे तिला ओळखता येत नाही.

पेशीचं मूळ दफ्तर म्हणजे केंद्रकातला डीएनए. त्यावरून कामापुरता उतारा निघतो, तो आरएनए. मुळावरून उतारा, हीच रीत. एचआयव्ही येतो तो मात्र नुसता उतारा घेऊन, जेमतेम 9,700 अक्षरांचा, आणि पेशीत शिरल्यावर त्यावरून मूळ कागद तयार करतो. असं काही घडत असावं, हे हॉवर्ड टेमिन 1964 पासून सांगत होते. फार थोड्यांनी मनावर घेतलं. 1970 मध्ये त्यांनी व मिझुतानींनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, हे उलटं काम करणारं विकर शोधून काढलं. 1975 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर नोबेलचे मानकरी झाले.

पुढची पायरी मला आजही थक्क करते. तयार झालेला कागद केंद्रकात पोचतो. इंटिग्रेज नावाचं विकर त्याच्या दोन्ही टोकांची दोन-दोन अक्षरं छाटतं, आपल्या गुणसूत्राच्या दोन पदरांना पाच अक्षरांच्या अंतराने काप देतं आणि तिथे हा तुकडा जोडतं. दोन्ही बाजूंना राहिलेली फट कोण बुजवतं? आपलीच पेशी. तिची दुरुस्तीची यंत्रणा इमानेइतबारे टाके घालते. शेवटची शिवण घरच्याच हातची. जागाही कुठली तरी नसते: पेशीतलं एक प्रथिन या विकराला चालू जनुकांकडे नेतं, म्हणजे दफ्तराची जी पानं रोज उघडली जातात तिथेच.

तीनशे कोटी अक्षरांच्या दफ्तरात ही एवढीशी नोंद. पेशी दुभंगली की दोन्ही लेकींकडे तिची नक्कल जाते.

बहुतेक बाधित पेशी लवकर मरतात. काही मात्र विसावतात. या प्रतिकारशक्तीच्या आठवण ठेवणाऱ्या पेशी; जुना आजार पुन्हा आला तर ओळखायला त्या वर्षानुवर्षं शांत राहतात. त्या शांत असल्या की विषाणूची नोंदही मुकी असते: उतारा निघत नाही, प्रथिन बनत नाही, म्हणून रक्ताच्या तपासणीत काही दिसत नाही. आपल्या गोळ्या नवी नोंद पडू देत नाहीत, पण पडलेली खोडू शकत नाहीत. अमेरिकेत रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने हिशेब मांडला: हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे 44 महिने लागतात, आणि पुरता संपायला सत्तरहून अधिक वर्षं. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परततो. टिमथी ब्राउन नावाचे एक रुग्ण बर्लिनमध्ये एचआयव्हीतून बरे झाले, ते रक्ताच्या कर्करोगासाठी 2007 मध्ये केलेल्या अस्थिमज्जा रोपणानंतर. दात्याच्या पेशींवर विषाणूला शिरायचं दारच नव्हतं. तो जिवावरचा उपाय सगळ्यांना कसा देणार?

भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम 1986 मध्ये मद्रासला उघडकीस आली. त्या शोधामागे होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांनी उभारलेल्या संस्थेला माहेरचंच नाव आहे. मोफत औषधं सरकारने 1 एप्रिल 2004 ला सुरू केली, सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होती. त्याआधीची वर्षं आठवली की अजून जीव गलबलतो. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या गावांतून तरुण माणसं यायची आणि आम्ही फक्त खोकला, जुलाब, ताप यांवर औषधं लिहून द्यायचो. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांवर गावाने दोष टाकला, जणू विषाणू त्यांनीच घडवला होता. ते मला तेव्हाही सहन होत नव्हतं, आजही होत नाही.

त्या दिवशी तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या सगळ्यांच्या दफ्तरात अशा जुन्या नोंदी आहेत, सुमारे आठ टक्के. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी कधीतरी हे विषाणू पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. बहुतेक आता मोडीत निघालेत. पण एकाचं आवरण बनवणारं जनुक आपण कामाला लावलं आहे. विषाणू त्याच्या जोरावर पेशीला चिकटून एकरूप व्हायचा. आज त्याच प्रथिनाने वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून सलग पडदा होतो. आईचं अन्न, प्राणवायू त्याच पडद्यातून बाळाकडे जातो.

तिने पोटावर हात ठेवला. "म्हणजे ह्यो चांगला?"

"तो जुना. नव्याला बाळापर्यंत जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी गोळी."

मुलगी झाली. सहाव्या आठवड्याची तपासणी निगेटिव्ह, अठराव्या महिन्याचीही. त्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन आली. गोळ्या बंद करण्याचा विषय तिने काढला नाही. नणंदेच्या लग्नासाठी आठ दिवस इचलकरंजीला जायचं होतं, तेवढ्यापुरत्या जादा गोळ्या मिळतील काय, ते विचारत होती.