काल कुठून कुठे गेलात?

ज्येष्ठांच्या गटचर्चेत “वस्तीत तुम्हाला काय हवं?” हा प्रश्न मी विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं: “आता या वयात काय हवंय? सगळं छान चाललंय.” मी विचारते, “काल कुठून कुठे गेलात?” मग एकेक गोष्ट निघते. फुटपाथ इतका उंच, की रस्त्यावरूनच चालावं लागतं. अर्धा रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलतो. बँकेच्या वाटेवर टेकायला कट्टा नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून भाजी, औषधं, देऊळ सगळं एकाच फेरीत उरकायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका २००७ साली आली, ती अशाच चर्चांमधून. ३३ शहरं त्यात होती. आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूरही. त्या पद्धतीत ६० ते ७४ वयाचा गट वेगळा आणि ७५च्या पुढच्यांचा वेगळा. ही वाटणी मला फार मोलाची वाटते. रोज टेकडी चढणाऱ्या पासष्टीच्या गृहस्थांसमोर, पायरीची भीती वाटते हे ऐंशीच्या आजोबांच्या तोंडून निघत नाही.

पुण्यात मी बायकांचा गटही वेगळा बसवते. मिश्र गटात रेल्वेची २०२० साली बंद झालेली सवलत निघाली, की पुरुषच बोलत राहतात. विषय रास्तच आहे. पण फक्त बायका बसल्या, की कुणीतरी हळूच म्हणते, “बाहेर जायचं असलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही.” इथे पुढचा प्रश्न टाकायचा नाही. थांबायचं. शेजारची मान हलवते, तिसरी सांगू लागते, आणि वाटेवर वापरण्याजोगं स्वच्छतागृह नाही म्हणून किती जणींनी बाहेर पडणंच सोडलंय ते कळतं. छापील प्रश्नावलीत हे मला कधी सापडलेलं नाही.

अर्थात आठ-दहा जणांच्या बोलण्यावरून टक्केवारी काढू नये. त्यासाठी पाहणीच हवी. आणि येतात ते चालू शकणारेच. अंथरुणाला खिळलेल्यांचं ऐकायचं तर त्यांच्या घरी जावं, त्यांचं करणाऱ्या सुना-लेकी आणि मावश्यांचा स्वतंत्र गट घ्यावा.

नगरसेवकांना, सोसायटीच्या अध्यक्षांना माझी कळकळीची विनंती आहे: ज्येष्ठांना आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी बोलवा, आणि आराखडा झाला की त्याच माणसांना पुन्हा दाखवा. तयार कागदावर सह्या घेण्यापुरतं त्यांना बोलावू नका.