काळा पाषाण आणि प्रकाशमापक

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती चौथ्या कार्तवीर्य रट्टाचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधविली, आणि तिच्या काळ्याभोर, गुळगुळीत स्तंभांपुढे हौशी छायाचित्रकाराची आजही हमखास फसगत होते. कारण घरी येऊन पाहावे तो ते स्तंभ करडे, निस्तेज उमटलेले असतात, आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारून गृहस्थ दुसऱ्या, महागड्या कॅमेऱ्याच्या चौकशीला लागतो.

वास्तविक कॅमेऱ्यातील प्रकाशमापक म्हणजे जिरायत-बागायत न पाहता अख्ख्या गावाला एकाच दराने सारा आकारणारा कारकून. समोर काही असो, ते मध्यम करडेच आहे असे गृहीत धरून तो हिशेब मांडतो. म्हणून चौकट काळ्या दगडाने भरली असेल तर त्याने फर्मावलेल्या एक्स्पोजरमधून एक ते दीड स्टॉप वजा करावा, आणि पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यातला शेतकरी चौकटभर घेताना तेवढाच अधिक द्यावा. निरभ्र दुपारी तर मापकावाचूनही भागते: आयएसओ १००, छिद्र एफ १६, शटर १/१२५ सेकंद, हा जुना दस्तूर सहसा दगा देत नाही.

खरी कसोटी निपाणीत. तंबाखूच्या या पेठेत उंबऱ्याशी बसून, मांडीवरच्या सुपात कातरलेली तेंदूची पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा रस्त्याच्या उजेडात आणि अर्धा घराच्या अंधारात असतो. अशा वेळी त्याच उजेडात आपला तळहात धरून त्यावर माप घ्यावे आणि एक स्टॉप वाढवावा, कारण तळहात बहुधा मध्यम करड्याहून तेवढाच उजळ असतो. (बाईंना आधी विचारावे, छायाचित्र घेणे हा काही आपला वतनी हक्क नव्हे.) वखारीत मात्र भिंग बदलू नये, तंबाखूची बारीक धूळ थेट आत शिरते.

साहित्य म्हणाल तर ५० मिलिमीटरचे, एफ १.८ छिद्राचे एक भिंग आणि एक भक्कम तिवई पुष्कळ झाली. बस्तीच्या छतातून खाली उतरलेले पाषाणकमळ एफ ८ वर सेकंद-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरनेच साधते. तिथे तिवईला पर्याय नाही, फक्त परवानगीची तजवीज आधी करावी. बेळगावच्या पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरते, कारण चामडे ओल धरून ठेवते. तेव्हा नव्या भिंगासाठी साठविलेल्या रकमेतून आधी एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्याव्यात.