किनाऱ्यावरचे आठ तास

रविवारची सकाळ होती. नऊ वाजले होते. "संध्याकाळीं पांचच्या आंत परत या, जहाज कोणासाठीं थांबणार नाहीं," असें दोनदां बजावून मुंबईहून निघालेल्या आमच्या जहाजानें आम्हांला कोचीच्या विलिंग्डन बेटावर उतरविलें. हें बेट म्हणजे बंदराचेंच अपत्य. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावांत बंदर खोल करतांना जो गाळ उपसला, त्याच्या भरावानें तें वाढविलेलें आहे. किनाऱ्याला पाय लागतांच सौभाग्यवतीनें पिशवींतून पाहण्याच्या स्थळांची यादी काढली. मीं मात्र मुंबईहून एक निराळेंच ओझें बरोबर आणलें होतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं परदेशांतल्या सात वर्षांच्या नातवाशीं फोनवर बोलणें झालें होतें. बोलणें कसलें, परीक्षाच ती! "मराठींत सांग पाहूं," असा मीं आग्रह धरला. त्यानें दोन इंग्रजी शब्दांत मला वाटेला लावलें. मग मुलाला मीं सुनावलें, "एका पिढींत भाषा बुडविलीस!" तिकडून फोन बंद झाला.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर तीं प्रसिद्ध चिनी जाळीं पाहिलीं. मोठमोठ्या वाशांना बांधलेलें जाळें पाण्यांत उतरतें, क्षणभर विसावतें आणि दोरांना टांगलेल्या दगडांच्या भारानें व चारसहा माणसांच्या बळानें पुन्हां वर येतें. एवढ्या खटाटोपानंतर हातीं मूठभर मासळी लागली, तरी कोळ्यांच्या चेहऱ्यावर खेद दिसला नाहीं. जाळें लगेच पुन्हां खालीं गेलें. जवळच सेंट फ्रान्सिसचें चर्च आहे. १५२४ सालीं कोचींत मरण पावलेल्या वास्को-द-गामाला तेथें पुरलें होतें. १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेल्या. आतां त्या जागेची केवळ खूण उरली आहे.

तेथून मट्टनचेरीला गेलों. १५६८ सालचें ज्यूंचें प्रार्थनामंदिर पाहिलें. पायाखालीं निळ्या नक्षीच्या चिनी फरश्या, डोक्यावर झुंबरें. सारें कसें जागच्या जागीं आहे. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलला निघून गेल्यामुळें ते दहा येथल्या वस्तींतून मिळेनासे झाले. वास्तु राहिली, माणसें गेलीं. माझ्या मनांतल्या ओझ्यावर आणखी एक दगड पडला.

यादींतलीं स्थळें संपलीं, तरी तास-दीड तास हातीं होता. म्हणून पायीं हिंडत चेरलाई भागांत शिरलों. एका लहानशा दुकानांत पापडांच्या चवडी मांडून एक वृद्ध बाई बसल्या होत्या. तेवढ्यांत त्यांनीं आंतल्या नातीला हांक मारली, "हांगा यो!" मी थबकलों. मल्याळमच्या त्या समुद्रांत हे दोन शब्द माझ्या आजोळच्या अंगणांतून आल्यासारखे वाटले! पोर्तुगीजांच्या जाचामुळें सोळाव्या शतकांत गोव्याहून जीं कोंकणी कुटुंबें इकडे आलीं, त्यांचे वंशज येथें अजून नांदत आहेत. देवळें मागें राहिलीं, शेतें मागें राहिलीं. बोली तेवढी बरोबर आली. १६७५ मध्यें येथल्याच तीन कोंकणी वैद्यांनीं मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथासाठीं नागरी लिपींत दाखला लिहून दिला आणि १६७८ सालीं 'होर्टस मलबारिकस'च्या पहिल्या खंडांत तो थेट आम्स्टरडॅमला छापला गेला!

मीं मराठींत पापडांचें मोल विचारलें, बाईंनीं कोंकणींत सांगितलें. दोघांचेंहि काम अडलें नाहीं. न राहवून मीं म्हटलें, "इतक्या वर्षांत ही भाषा तुम्ही राखलीत कशी?" बाईंना तो प्रश्नच उमगला नसावा. त्या हंसल्या, आणि पैसे मोजायला नातीला सांगून आंत भाताकडे वळल्या.

उत्तर मला मिळालें होतें. त्या घरांत मुलीला कोणी "कोंकणींत सांग पाहूं" म्हणत नव्हतें. तिला हांक मारीत, रागावत, पैसे मोजायला लावीत. भाषा राखण्याचें त्यांच्या ध्यानींहि नव्हतें. तींत त्यांचें रोजचें काम चाललें होतें. मी मात्र नातवाशीं मराठींत कधीं बोललोंच नव्हतों; नुसता मराठीविषयीं बोलत आलों होतों.

पांचाच्या आधीं जहाजावर चढलों. किनारा दिसेनासा होण्यापूर्वीं मुलाला फोन लावला. आधीं परवाच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. तो गप्प राहिला, पण फोन त्यानें मुलाच्या हातीं दिला. मीं नातवाला कांहींहि विचारलें नाहीं. जाळें कसें उतरतें, दगड कसे लोंबतात, मासा कसा निसटतो, हें आपलें सांगत सुटलों. त्यानें मध्येंच इंग्रजींत विचारलें, "मासे उडी मारून पळत नाहींत का?" मीं मराठींत उत्तर दिलें. त्यानें दुसरा प्रश्न विचारला, तोहि इंग्रजींतच. मी तिसऱ्याची वाट पाहूं लागलों.