आईच्या पेटीतला खडा

गेल्या महिन्यात आमच्या भाचीचे लग्न ठरले. पोरगी चाकणला कंपनीत नोकरीला आहे, स्वतःच्या पगारातून अंगठी करणार आहे. तिने फोन करून विचारले, "मामा, आजीच्या पेटीतला तो चमकणारा खडा अजून आहे का? माझ्या अंगठीत तोच बसवायचा आहे." आम्हांला पटकन उत्तर सुचले नाही. त्याच खड्याच्या जोडीदाराने एकदा आमच्या घरात रडारड केलेली आहे.

हकीकत अशी. आमचे गाव मढ. माळशेज घाट चढून वर आले की पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी दिसते, त्या अंगाला. आईचे माहेर त्याच कल्याण-नगर रस्त्यावर पण पार पूर्वेला, आणे पठारावर. आमच्याकडे पावसाने अंगणात शेवाळ धरते आणि तिकडे हंड्यासाठी मैलभर चालावे लागते. तालुका मात्र एकच, जुन्नर. १९७२ च्या दुष्काळात आई बारा वर्षांची होती आणि आजीबरोबर खडी फोडायला जात होती. एक दिवस दगड फुटला आणि आतून पोकळ निघाला. पोकळीत चौकोनी, पाण्यासारखे स्वच्छ खडे उभे होते. मुकादम म्हणाला, "गार आहे ती, फेकून द्या. असल्या पोकळ दगडाची खडी कामाची नाही." आईने त्यातले दोन खडे परकराच्या ओच्यात बांधून आणले. लग्न होऊन मढला आली तेव्हा पत्र्याच्या पेटीत तेही आले.

१९९९ साली आमच्या ताईचे लग्न झाले. सोने घेण्याची ऐपत नव्हती. आईने पेटीतला एक खडा काढला आणि एका सोनाराकडून चांदीच्या अंगठीत बसवून घेतला. अंगठी ताईच्या बोटात अशी काही झळकली की मांडवातल्या बाया हात धरून बघत होत्या. पण दिवाळीपर्यंत खड्याचे तेज गेले. वरचा एक पापुद्रा निघाला, बाकीचा घासलेल्या बाटलीसारखा धुरकट झाला. ताईच्या सासूबाई चारचौघांत बोलल्या, "माहेरच्यांनी काच दिली." आईला ते फार लागले. बोलली काही नाही, पण पेटीतला दुसरा खडा तिने पुन्हा कोणाला दाखवला नाही.

काही वर्षांनी पुण्यात एका शिबिरात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका गृहस्थांशी ओळख झाली. आम्ही तो दुसरा खडा आईकडून मागून नेला. त्यांनी बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा ॲपोफिलाइट." बी.कॉम. झालेल्या माणसाला हे नाव उच्चारायलाच दोन दिवस लागले. पण पुढे त्यांनी जे सांगितले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. त्यांनी विचारले, "काच म्हणाले का लोक? अहो, काच याच्यापेक्षा कठीण असते!"

खनिजाचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत सांगतात. फ्रीडरिश मोह्स या शास्त्रज्ञाने १८१२ साली ही पद्धत घातली. हिरा १०, माणिक आणि नीलम ९, साधी गारगोटी ७. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आणि आईचा खडा साडेचार ते पाच! चाकूच्या टोकानेही त्याच्यावर ओरखडा उठतो. ताई सासरी राख-मातीने भांडी घासत होती, त्या मातीत वाळूचे कण. रोज तीन वेळा त्या खड्यावर कानस चालत होती म्हणा ना. काच असती तर जास्त दिवस टिकली असती. खडा खरा होता म्हणूनच खराब झाला.

दुसरा दोष त्याच्या घडणीतच. त्याचा माथा सपाट असतो आणि त्या सपाटीला समांतर तो पत्त्यांच्या जोडासारखा सुटतो. पण सौंदर्यही त्याच सपाटीत आहे. बाजूचे पैलू काचेसारखे लखलखतात, माथ्यावर मात्र मोत्याची झळाळी असते. इंग्रजीत त्याला माशाच्या डोळ्याचा दगड म्हणत. ॲपोफिलाइट हे नाव १८०६ साली आऊई नावाच्या फ्रेंच पंडिताने दिले. तापवल्यावर पाने सुटतात, असा त्याचा अर्थ. कारण त्याच्या वजनात सुमारे १६ टक्के पाणी असते. शंभर ग्रॅमच्या दगडात सोळा ग्रॅम पाणी! आच लागली की ते पाणी निघून जाते, खडा पांढरा पडतो आणि पापुद्रे धरतो.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे गरम पाणी त्यांतून झिरपले आणि असले स्फटिक वाढले. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींतून हिरवा ॲपोफिलाइट निघाला, तो जगभर नावाजला. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचाही प्रसिद्ध आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असले स्फटिक मांडलेले आहेत, मुलांना जरूर दाखवावेत. अशा ठिकाणी स्फटिकाखालच्या चिठ्ठीवर दगडाचे नाव आणि गाव असते. फोडणाऱ्याचे नाव कुठेच नसते, ही आमची जुनी तक्रार आहे. जुन्नरची लेणी याच काळ्या दगडात कोरलेली आहेत. तिथे भिंतीत गार दिसली तर मुलांना ती उकरू देऊ नका.

हल्ली हाच खडा शांत झोप लागावी, घरात ऊर्जा यावी म्हणून विकला जातो. आमच्या कचेरीतल्या एकाने असा पिरॅमिड उशाखाली ठेवला. त्याची झोप होती तेवढीच राहिली, मान मात्र धरली.

दागिन्यात याला पैलू पाडणारे कारागीर थोडे, आणि तसे खडे बहुतेक संग्राहकच घेतात. पैलू पाडलेल्यापेक्षा अखंड स्फटिकाचीच वाहवा जास्त. वापरायचाच तर गळ्यातल्या पदकात किंवा कानात. अंगठीत बिलकूल नको. सोनाराला बजावून सांगावे: चांदीचे घर आधी पूर्ण करा, डाख देऊन निवू द्या, मग खडा ठेवा आणि कड हलक्या हाताने दाबा. धुवायला कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडके. चांदी उजळायला चिंच किंवा लिंबू लावाल तर खडा जाईल.

हे सगळे आम्ही भाचीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे काम करणाऱ्या हाताला हा खडा चालत नाही?" आम्ही म्हणालो, "नाही चालत." ती म्हणाली, "मग गळ्यात घालते."

मागच्या रविवारी मढला गेलो. पेटी उघडली, कापसातला खडा काढला. काचेची गोष्ट आम्ही आईला पूर्वीही सांगितली होती, पण तेव्हा तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. या वेळी ताई समोर बसली होती. आईने खडा उजेडात धरला आणि ताईलाच विचारले, "काच नव्हती ना गं ती?"

ताई म्हणाली, "नव्हती, आई." सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली. ती धुरकट अंगठी ताईने अजून टाकलेली नाही, पर्समध्येच होती. तिने ती काढून आईच्या हातात दिली. आईने दोन्ही खडे एकाच कापसात गुंडाळले आणि आम्हांला म्हणाली, "सोनाराकडे जाशील तेव्हा मला घेऊन चल. डाख देताना मी समोर बसणार."