मांडीवरचा मोबाईल

गेल्या महिन्यात साताऱ्याला जाताना मोबाईल मांडीवर ठेवून नकाशा बघत होतो. मान वर केली तर ट्रकचे लाल दिवे अगदी समोर! ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर जाते. त्यात माझी चाळिशी. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळून दूर नजर स्थिरावायला वेळ लागतो. रुग्णांना हे रोज सांगतो, बरं का.

आता होल्डर लावलाय. समोरच्या काचेच्या मधोमध नको, एअरबॅगच्या झाकणावर तर नकोच. माझा स्टिअरिंगशेजारी एसीच्या जाळीवर आहे. उन्हाळ्यात फोनही कमी तापतो. पत्ता निघण्यापूर्वीच टाकतो, पुढे फक्त ऐकतो.

परवा एक वळण चुकलं. बायको हसली.